गिरगाव बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात वाढलो, आता डोंबिवलीला राहतो, पण महिन्यातून एकदा तरी तिकडे फेरी होतेच. ऑफिसातले, नात्यातले, पुण्याहून येणारे, परदेशातून सुट्टीवर आलेले असे बरेच जण मला गिरगावबद्दल तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

गिरगाव नक्की कुठून कुठपर्यंत?

नकाशावर सरळ रेघ मारून दाखवता येणार नाही. ढोबळ सांगायचं तर पश्चिमेला चर्नी रोड स्टेशन आणि चौपाटी, उत्तरेला प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाऊस, दक्षिणेला ठाकूरद्वार आणि चिरा बाजार, पूर्वेला व्ही. पी. रोड, आणि त्याच्या पलीकडे भुलेश्वर-माधवबाग सुरू होतं. मधोमध जातो तो जगन्नाथ शंकरशेट रोड, म्हणजे जुना गिरगाव रोड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्याच वाड्या. मलबार हिलच्या पायथ्याचं गाव, म्हणून गिरी आणि ग्राम मिळून गिरगाव, अशी नावाची फोड सांगतात. टेकडी आजही चौपाटीवर उभं राहिलं की समोर दिसतेच.

गिरगाव आणि गिरणगाव एकच ना?

नाही हो! हा गोंधळ फार जण करतात. गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा, जिथे कापड गिरण्या होत्या आणि गिरणी कामगारांची वस्ती होती. गिरगाव त्याच्या खूप दक्षिणेला. चाळी दोन्हीकडे, कोकणी माणूस दोन्हीकडे, पण गिरगावातला माणूस बहुतेक करून फोर्टातल्या ऑफिसात कारकून, रेल्वेत, म्युनिसिपालटीत, छापखान्यात, शाळेत मास्तर, अशी नोकरी करणारा. त्यामुळे इथे नाटक, वाचनालय, व्याख्यानमाला हे सगळं जास्त रुजलं.

वाड्यांची नावं अशी फळाभाज्यांची का आहेत? फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी...

मला हा प्रश्न सगळ्यात आवडतो. कारण गिरगाव म्हणजे आधी शेतं आणि बागा. माडाच्या बागा, भाजीचे मळे, असं सगळं होतं आणि शहर किल्ल्याच्या आत होतं. नंतर किल्ल्याबाहेर वस्ती वाढत गेली, बागेचे तुकडे पडले, एकेका तुकड्यावर घरं आणि मग चाळी उभ्या राहिल्या, पण नाव मात्र बागेचंच राहिलं. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. मुगभाट, बोरभाट यातलं जे भाट आहे ते म्हणजे शेत किंवा बाग, कोकणात आणि गोव्यात अजून भाट म्हणतात तेच. म्हणजे आज जिथे चार मजली चाळीच्या खाली टेम्पो उभा असतो तिथे कधीतरी मूग पिकत होते. काही वाड्या मालकाच्या नावाच्या आहेत, झावबावाडी, फडकेवाडी, खोताची वाडी, आणि काही जातीच्या किंवा गावाच्या नावाच्या, जसं शेणवीवाडी, कुडाळदेशकर निवास.

आणि चर्नी रोड?

चरणीवरून, म्हणजे गुरं चरायची जागा. असं सांगतात की १८३८ च्या सुमाराला सरकारने गुरं चारायला फी लावली, गरीब गवळ्यांना ती परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळ समुद्राच्या बाजूची जागा विकत घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी केली. दुसरं एक मत असं आहे की ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांमुळे चेंदणीचं चर्नी झालं. मला पहिली गोष्ट जवळची वाटते.

खोताची वाडी बघायला तिकीट आहे का? कसं जायचं?

तिकीट वगैरे काही नाही कारण ते म्युझियम नाहीये, लोक राहतात तिथे. हे आधी सांगतो कारण शनिवारी-रविवारी कॅमेरे घेऊन लोक अक्षरशः कुणाच्याही पडवीत शिरतात, खिडकीतून आत फोटो काढतात, म्हातारी माणसं आराम करत असतात, कृपा करून असं करू नका. जगन्नाथ शंकरशेट रोडवर सेंट टेरेसा चर्च आहे, त्याच्या जवळच आत शिरणारी गल्ली. दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन, अठराव्या शतकाच्या शेवटाला त्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना प्लॉट दिले आणि लाकडी जिने, बाहेरून चढणारे, पुढे व्हरांडा, कौलारू छप्पर अशी ती घरं उभी राहिली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, गोव्याहून आलेले नव्हेत. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, हे नाव घेतलं. त्यांचं मराठी ऐकायला मिळालं तर नशीब समजा, आगरी-कोळी बोलीच्या जवळचं, फार गोड.

एकेकाळी तिथे पासष्टच्या आसपास घरं होती, आता तीसच्या आतच राहिली आहेत, बाकीच्या जागी बिल्डिंगी. वाडीच्या तोंडाशी एक क्रूस आहे, तिथे क्षणभर थांबा. डिसेंबरात गेलात तर घराघरावर ख्रिसमसचे कंदील असतात आणि त्याच गल्लीत दोन महिने आधी दिवाळीचे आकाशकंदील होते. अनंताश्रम विचारणारेही खूप आहेत, तर ती खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, माशाची आमटी खायला आता दुसरीकडे जावं लागेल.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती खरंच गिरगावातला का?

हो. केशवजी नाईक चाळ, खाडिलकर रोड, म्हणजे जुनी कांदेवाडी. १८९३ साली सुरू झाला आणि आजही तिथेच बसतो. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक उत्सवाची हाक दिली त्याच वर्षी इथल्या चाळकऱ्यांनी तो मनावर घेतला, १९०१ मध्ये लोकमान्य स्वतः इथे येऊन गेले. इथे उंची बघायला जाऊ नका, मूर्ती छोटी, शाडूची, अगदी घरच्या गणपतीसारखी असते आणि ती पालखीतून आणतात, पालखीतूनच नेतात. शंभर-सव्वाशे वर्षं चाळीतल्या माणसांनी मूर्ती मोठी करायचा मोह टाळला, हे मला कुठल्याही पंचवीस फुटांपेक्षा मोठं वाटतं. उंच मूर्ती बघायची असेल तर जवळच निकदवरी लेनमध्ये गिरगावचा राजा आहे, तोही शाडूच्या मातीचा, एवढ्या मोठ्या आकाराची शाडूची मूर्ती घडवणं हे वेगळंच कौशल्य आहे.

अनंत चतुर्दशीला गाडी घेऊन येऊ नका. सांगूनही लोक येतात आणि मग ऑपेरा हाऊसला अडकून बसतात. लोकलने चर्नी रोडला उतरा, चालत फिरा, लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

गुढीपाडव्याची शोभायात्रा कधी, कुठून निघते?

सकाळी, फडकेवाडीच्या गणपती मंदिरापासून. आठच्या आत पोचलात तर जागा मिळेल. ढोल-ताशा, ध्वजपथकं, नऊवारी नेसून फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या बायका हे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असणार. पण मला विचाराल तर रस्त्याच्या कडेने पहाटेपासून रांगोळ्या काढणारी मुलं बघायला लवकर या. आणि खरी गंमत अशी की त्या दिवशी बोरिवली, बदलापूर, विरार, डोंबिवली, नवी मुंबई सगळीकडे पांगलेले जुने गिरगावकर परत येतात, वाडीच्या नाक्यावर उभे राहून एकमेकांना ओळखतात, अरे तू तिसऱ्या मजल्यावरचा ना, असं. माझी आई पंच्याहत्तरची आहे, गुडघे दुखतात, तरी पाडव्याला जायचं म्हणजे जायचंच.

सिनेमाचा आणि गिरगावचा काय संबंध?

फार मोठा, आणि तिथे आता काही दिसत नाही म्हणून जास्त सांगावंसं वाटतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी पहिल्यांदा लागला तो ३ मे १९१३ ला, गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' लागला १४ मार्च १९३१ ला, गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये, आणि तिकिटासाठी एवढी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. म्हणजे मुका आणि बोलका, दोन्हीचा श्रीगणेशा अर्ध्या तासाच्या पायी अंतरात! मॅजेस्टिक पाडलं, त्या जागी शॉपिंग सेंटर आहे, नाव तेवढं राहिलं. तिथून जाणाऱ्या दहा जणांना विचारलंत तर नऊ जणांना हे माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक बोर्ड तरी ठळक लावायला हवा.

रॉयल ऑपेरा हाऊस मात्र बघता येतं. १९११ मध्ये पाचव्या जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम पूर्णही झालं नव्हतं. पुढे ऑपेरा गेला, नाटकं आली, सिनेमा आला, १९९३ मध्ये बंद पडलं, आणि खूप वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. नुसतं आत जाऊन बघू देत नाहीत, कार्यक्रमाचं तिकीट काढून जा आणि छताकडे बघायला विसरू नका.

नाटकवाल्यांसाठी काही?

केळेवाडीत साहित्य संघ. मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना १९३५ ची आणि त्यामागे डॉ. अ. ना. भालेराव यांचा ध्यास, नाट्यगृहालाही त्यांचंच नाव आहे आणि गल्लीलाही. चर्नी रोड स्टेशनवरून पाच मिनिटं. शाळेत असताना बालनाट्याच्या स्पर्धेत तिथल्या विंगेत उभा होतो, लाकडाचा आणि रंगाचा वास अजून नाकात आहे.

प्रार्थना समाज हे स्टॉपचं नाव आहे की खरंच काही आहे तिथे?

खरंच आहे. १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज स्थापन केला, न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही माणसं त्यात आली. मूर्तीपूजा नाही, जातीभेद मानायचा नाही, विधवाविवाहाला पाठिंबा, अशी ती मंडळी. त्यांचं मंदिर अजून आहे आणि रोज हजारो लोक बसमधून नुसतं नाव वाचून पुढे जातात.

तसंच नाना चौक. हे नाना म्हणजे जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट, १८०३ ते १८६५. मुंबईत १८५३ ला पहिली आगगाडी धावली तिच्या कंपनीत ते होते, आणि १८४९ मध्ये मुलींची शाळा काढायला समाज विरोध करत असताना त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. गिरगाव रोडला त्यांचं नाव आहे ते बरोबरच आहे.

चौपाटीवर भेळ सोडून काय बघायचं?

लोकमान्यांचा पुतळा. १ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहात लोकमान्य गेले, आणि चौपाटीच्या वाळूवर त्यांना अग्नी दिला, इतर कुणाला तिथे परवानगी नसताना. पावसात लाखो लोक चालत आले होते. पुतळा म्हणजे तीच जागा. समोरच रस्त्यापलीकडे विल्सन कॉलेजची दगडी इमारत, १८८९ ची. तारापोरवाला मत्स्यालयाबद्दल मुलं विचारतात, पण ते बरीच वर्षं बंद आहे.

भेळ खाच, त्याला काही पर्याय नाही, फक्त संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास पोचा.

चालत जाण्यासारखं आणखी काय आहे?

गावदेवीत मणिभवन, १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे राहायचे, चरख्याची खोली वरच्या मजल्यावर आहे, पाऊण तास ठेवा. तिथून दहा मिनिटांवर ऑगस्ट क्रांती मैदान, जुना गवालिया टँक, ८ ऑगस्ट १९४२ ला चले जावचा ठराव झाला ती जागा. आणि मैदानाला लागूनच तेजपाल, म्हणजे गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजची जागा, जिथे २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ते खरं तर पुण्यात भरायचं होतं, पुण्यात कॉलरा पसरला म्हणून मुंबईला आलं. बाबुलनाथ जवळच. बाणगंगेला मात्र टॅक्सी करा, चढ आहे.

यायचं कसं? मेट्रो सुरू झाली का?

झाली. मेट्रो ३, जवळजवळ सगळी भुयारी, साडेतेहेतीस किलोमीटर. शेवटचा टप्पा, ज्यात गिरगाव स्टेशन आहे, त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांसाठी उघडला. विमानतळावरून सरळ गिरगावला उतरता येतं, हे आमच्या पिढीला अजून खरं वाटत नाही. त्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या कितीतरी कुटुंबांना वर्षानुवर्षं दुसरीकडे राहावं लागलं, जुन्या चाळी पाडाव्या लागल्या, बाकीच्यांनी रात्रंदिवस खोदकामाचे हादरे सोसले. स्टेशनवर उतराल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

लोकलने येणार असाल तर चर्नी रोड, पण स्लो पकडा, विरार फास्ट इथे थांबत नाही. पूर्वेला उतरलात तर गिरगाव, पश्चिमेला चौपाटी. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला बदलावी.

खायला कुठे?

ठाकूरद्वारला विनयमध्ये मिसळ, गर्दी असली तरी थांबा. पियूष आणि साबुदाणा वडा प्रकाशमध्ये. पणशीकरांकडे फराळाचे पदार्थ. चिरा बाजारात मासळी घ्यायची असेल तर भाव करायला लाजू नका, मावशीच आधी दुप्पट सांगते आणि शेवटी वर दोन बोंबील टाकते.

चाळीत अजून लोक राहतात का? जागा एवढी महाग असताना रिडेव्हलपमेंट का होत नाही?

राहतात, आणि हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. बहुतेक चाळी पागडीच्या. म्हणजे भाडेकरूने सुरुवातीला मोठी रक्कम दिलेली असते, मग महिन्याचं भाडं नाममात्र, भाडेकरू हक्क विकू शकतो पण त्यातला वाटा मालकाला द्यावा लागतो. भाडं १९४७ च्या कायद्यापासून गोठलेलं, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. मग शहर भागातल्या जुन्या बिल्डिंगींवर सरकारने उपकर लावला, ज्याला सगळे सेस म्हणतात, आणि त्यातून म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दुरुस्ती करतं. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची बिल्डिंग असेल तर ती अ वर्गात. लाकडी टेकू लावलेल्या, पाट्या ठोकलेल्या गॅलऱ्या दिसतात ना, त्या यातल्या.

पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली होतो, पण मालक, सगळे भाडेकरू आणि बिल्डर यांची मोट बांधायची म्हणजे वर्षं जातात. माझ्या ओळखीचं एक बिऱ्हाड घर रिकामं करून बाहेर भाड्याने गेलं, बिल्डरने दोन वर्षं भाडं दिलं आणि मग बंद केलं, काम जोत्याच्या वर आलंच नाही, काका त्याच वाटेकडे डोळे लावून गेले. म्हणून कुणी सह्या मागायला आलं तर आधी कराराची प्रत घ्या, स्वतःचा वकील करा, पुढच्या भाड्याची बँक गॅरंटी मागा. शेजारी काय म्हणतील म्हणून घाईत सही करू नका.

आणि लोक का सोडून जातात म्हणाल तर दोन खोल्यांत तीन भावांची लग्नं झाल्यावर कुणीतरी जाणारच. कॉमन संडास, पहाटेचं पाणी, चौथ्या मजल्यावर लाकडी जिन्याने सिलेंडर, हे ज्यांनी केलंय त्यांना उपनगरातला वन बीएचके का घ्यावासा वाटला हे कळतं. दोन्ही खरं आहे, तिथे जीव अडकलाय हेही आणि तिथे राहणं कठीण होतं हेही.

आजोबा गिरगावात राहायचे, फक्त वाडीचं नाव माहितीये. घर सापडेल का?

बरेचदा सापडतं. आधी रस्त्यांची जुनी नावं समजून घ्या कारण जुन्या पत्रांवर तीच असतात. गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेट रोड, गिरगाव बॅक रोड म्हणजे व्ही. पी. रोड, कांदेवाडी म्हणजे खाडिलकर रोड, जिथे १९२३ साली सुरू झालेल्या 'नवाकाळ'चं ऑफिस आहे, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, सँडहर्स्ट रोड म्हणजे एस. व्ही. पी. रोड, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे रोड. वाडीत गेल्यावर नंबर शोधत बसू नका, सरळ किराणावाल्याला किंवा देवळातल्या गुरुजींना विचारा, आडनाव आणि गाव सांगा, गाव महत्त्वाचं, कारण मजलेच्या मजले एकाच तालुक्यातले असायचे. गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिका मागून बघा, त्यात वर्गणीदारांची नावं मजल्यासकट छापलेली असतात. मागच्या वर्षी एक मुलगी अमेरिकेहून आली होती, तिला फक्त फणसवाडी आणि पणजोबांचं नाव माहीत होतं, तीन जिने चढल्यावर एका आजींनी दार उघडलं, नाव ऐकलं आणि म्हणाल्या, आत ये, ते समोरच्याच खोलीत राहायचे.